शिक्षणाची तुलना : माप कोणाचे?

दोन देशांच्या किंवा दोन प्रांतांच्या शिक्षणाची तुलना करावयास बसणारा मनुष्य प्रथम एक तक्ता आखतो. डाव्या बाजूस देशांची नावे आणि वरच्या बाजूस रकान्यांची शीर्षके: शाळा किती, विद्यार्थी किती, शिक्षक किती, खर्च किती, उत्तीर्ण किती. आकडे भरण्याचे काम पुढे कारकुनाचे. परंतु निकाल बहुतेक वेळी शीर्षके लिहितानाच लागून गेलेला असतो. ज्या गोष्टीला रकाना नाही ती गोष्ट त्या तक्त्यापुरती अस्तित्वातच नसते. सरकारी विवरणपत्रांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्या आमच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.

बदलीच्या नोकरीत असलेल्या माणसाला शिक्षणाची तुलना हा केवळ पंडितांचा विषय वाटत नाही. नव्या गावी सामान उतरण्यापूर्वीच ‘इथल्या शाळा कशा आहेत?’ हा प्रश्न घरात विचारला जातो आणि आधीच्या गावाशी, पुण्यामुंबईशी ताडून पाहून त्याचे उत्तर दिले जाते. हाच प्रश्न गेल्या दीडशे वर्षांत मोठ्या पातळीवर पुनःपुन्हा विचारला गेला. तो विचारणाऱ्यांत महाराष्ट्रातील काही थोर माणसे अग्रभागी होती, आणि ज्या पंजाबच्या भूमीवर आम्ही आज राहतो तिचाही त्यात वाटा होता. त्यांनी कोणती मापे वापरली हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१८८२ च्या फेब्रुवारीत लॉर्ड रिपन यांनी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पाच दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. १४ ऑक्टोबरला लाहोरास पंजाब विद्यापीठ स्थापन झाले. फाळणीनंतर त्याचा भारतातील वारसा प्रथम सोलन येथे आणि १९५६ पासून चंदीगडला नांदू लागला. १९ ऑक्टोबरला पुण्यात जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे ठेवावयाच्या निवेदनावर सही केली. लाहोर आणि पुणे यांचा परस्परांशी काहीच संबंध नव्हता. परंतु त्या एका वर्षात या दोन ठिकाणी शिक्षणाची दोन अगदी भिन्न मापे पुढे आली.

लाहोरचे माप डॉ. लाइटनर यांचे. पेस्ट नगरीत जन्मलेला हा बहुभाषाकोविद लाहोरच्या सरकारी कॉलेजचा प्राचार्य होता, आणि विद्यापीठ व्हावे म्हणून त्याने कित्येक वर्षे खटपट केली होती. पंजाबातील देशी शिक्षणाचा जो इतिहास त्याने सिद्ध केला त्यात त्याने तुलना केली ती दोन देशांची नव्हे, तर दोन काळांची. १८४९ मध्ये पंजाब इंग्रजांकडे गेला त्यापूर्वी, अगदी कमीत कमी धरले तरी, ३ लाख ३० हजार मुले पाठशाळा, मदरसे, गुरुमुखी शाळा आणि महाजनी शाळा यांत शिकत होती. आता ती संख्या १ लाख ९० हजारांच्या थोडीशी वर उरली आहे, असा त्याचा दावा. त्या आकड्यांवर वाद झाले. तथापि लाइटनरचे महत्त्व आकड्यांच्या अचूकपणात नाही. खात्याच्या दृष्टीने शाळा म्हणजे खात्याने उघडलेली किंवा मान्य केलेली शाळा. मशिदीच्या ओवरीत, धर्मशाळेत, वाण्याच्या ओट्यावर जे शिक्षण चालत होते त्याला सरकारी तक्त्यात रकानाच नव्हता. लाइटनरने तो आखला, आणि प्रगतीची कहाणी एकदम ऱ्हासाची कहाणी दिसू लागली.

परंतु या मापातही एक उणीव होती. जुन्या शाळांत कोण बसत होते आणि उंबरठ्याबाहेर कोण उभे होते, हा प्रश्न लाइटनरच्या तुलनेच्या मध्यभागी नव्हता. गेलेल्या वैभवाची मोजदाद करणारा मनुष्य ते वैभव कोणाचे होते हे विचारावयास सहसा विसरतो.

पुण्याहून आलेल्या निवेदनाने नेमका तोच प्रश्न विचारला. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडल्यापासून जोतीरावांचा या क्षेत्रातील अनुभव चौतीस वर्षांचा होता. त्यांनी तुलना केली ती एकाच प्रांतातील दोन वर्गांची. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या मुलांस होतो: भरणारा एक आणि उपभोगणारा दुसरा. वरच्यांना शिकवले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, हे तत्त्व त्यांनी अनुभवाच्या आधारे नाकारले. इलाख्यातील दहापैकी नऊ गावांत, म्हणजे सुमारे १० लाख मुलांसाठी, शिक्षणाची कसलीच सोय नाही असे सांगितले जाते, याकडे त्यांनी आयोगाचे लक्ष वेधले.

आज विशेष वाटते ते असे की, शाळेबाहेरच्या मुलांविषयी बोलताना जोतीरावांनी शाळेच्या आतील गुणवत्तेचा प्रश्न सोडून दिला नाही. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी तर त्यांनी केलीच. परंतु शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील. त्यांचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा व मोठ्या गावी तो १५ किंवा २० रुपये असावा. मुलांना मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे द्यावेत, असे सर्व तपशील त्यांनी मांडले. शिक्षकाचे पोट भरत नसेल तर शाळेचा दर्जा राहत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

यानंतरच्या अंकाचा प्रारंभ आमच्या शेजारीच, सिमल्याच्या टेकडीवर झाला. १९०१ च्या सप्टेंबरात लॉर्ड कर्झन यांनी तेथे शिक्षण परिषद भरवली. तिच्यात एकही हिंदी माणूस नव्हता. तेव्हापासून ‘संख्या की दर्जा’ हा वाद सरकारी धोरणात ठाण मांडून बसला. शाळा वाढवण्यापूर्वी आहेत त्या सुधाराव्यात, हे म्हणणे वरकरणी शहाणपणाचे वाटते. परंतु ज्या मुलाला शाळाच नाही त्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ ‘अजून थांब’ एवढाच होतो.

हे ओळखून त्याला उत्तर दिले ते गोपाळ कृष्ण गोखले यांनी. १८ मार्च १९१० रोजी त्यांनी वरिष्ठ कायदे मंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि १६ मार्च १९११ रोजी विधेयक आणले. फर्ग्युसनमध्ये अध्यापन केलेल्या या माणसाने सभागृहापुढे जगाचा तक्ताच ठेवला. एकंदर लोकसंख्येपैकी प्राथमिक शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण अमेरिकेत शेकडा २१, जपानात ११, मागासलेल्या मानलेल्या रशियात ४ ते ५ आणि ब्रिटिश हिंदुस्थानात अवघे १.९! राष्ट्राराष्ट्रांच्या शिक्षणाची अशी तुलना आमच्या सार्वजनिक जीवनात इतक्या प्रभावीपणे क्वचितच झाली असेल. दर्जाच्या आक्षेपाला त्यांचे उत्तर सरळ होते: पहिले काम निरक्षरता घालवण्याचे, दर्जा महत्त्वाचा खरा, परंतु त्याचा क्रम त्यानंतरचा.

परदेशांचे दाखले परके वाटत असतील त्यांच्यासाठी बडोद्याचा दाखला घरचाच होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यात लागू केला. जे एका संस्थानाला साधले ते साम्राज्याला का साधू नये, या प्रश्नाला सरकारजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. मते मात्र होती. विधेयक अगदी सौम्य होते. सक्ती ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांपुरती, तीही स्थानिक संस्थेला वाटले तर, आणि मुलींचा विचार पुढे. तरीही मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी मोफत व सक्तीचे शिक्षण सुरू केले. १९१८ मध्ये मुंबईत आणि १९१९ मध्ये पंजाबात कायदे झाले. पण सक्ती करणे न करणे त्यांनी स्थानिक संस्थांच्या मर्जीवरच सोडले. शिक्षणाचा मूलभूत हक्क प्रत्यक्षात आणणारा कायदा देशात लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी, गोखल्यांच्या ठरावानंतर शंभर वर्षांनी.

गोखल्यांचे माप आवश्यक होते, परंतु पुरेसे नव्हते, हे पुढे दुसऱ्या एका मराठी माणसाने दाखवले. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. समता, गुणवत्ता आणि संख्या हा भारतीय शिक्षणाचा हाती न लागणारा त्रिकोण आहे, असा विचार त्यांनी १९७५ मध्ये एका पुस्तकाच्या नावातच मांडला. एक बाजू ओढली की दुसरी सैल पडते; परंतु तिन्ही बाजूंखेरीज त्रिकोण होत नाही.

या त्रिकोणाची सत्यता पाहावयाची असेल तर आफ्रिकेकडे दृष्टी टाकावी. १९६१ मध्ये आदिस अबाबा येथे आफ्रिकी राष्ट्रांची शिक्षण परिषद भरली आणि १९८० पर्यंत प्राथमिक शिक्षण सार्वत्रिक करण्याचा संकल्प तिने सोडला. तो मुदतीत पुरा झाला नाही. पुढे १९९४ मध्ये मलावी देशाने प्राथमिक शाळांची फी रद्द केली, तेव्हा एका वर्षात विद्यार्थ्यांची संख्या सुमारे १९ लाखांवरून २९ लाखांच्या घरात गेली. वर्ग, पुस्तके आणि प्रशिक्षित शिक्षक मात्र त्या वेगाने वाढणे शक्य नव्हते. दक्षिण व पूर्व आफ्रिकेतील शिक्षणखात्यांनी मिळून सहावीच्या मुलांच्या वाचनाच्या व गणिताच्या ज्या चाचण्या घेतल्या, त्यांत २००० च्या सुमारास सेशेल्स, केनिया, मॉरिशस पुढे होते आणि मलावी तळाशी. त्या यादीवरून मलावीचे शिक्षण ‘वाईट’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु सरासरी खाली आणणाऱ्यांत ती मुलेही होती, जी आधीच्या यादीत मुळीच नव्हती. उलट, १९५३ च्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेने काळ्या मुलांसाठी हेतुपुरस्सर हलक्या प्रतीचे शिक्षण नेमून दिले. तेथे नुसती हजेरी मोजली असती तर अन्याय दिसलाच नसता. पहिल्या ठिकाणी जोतीरावांचा ‘बाहेर कोण?’ हा प्रश्न लागतो, तर दुसऱ्या ठिकाणी ‘आत असलेल्याला काय मिळते?’ हा.

आता आमच्याच दाराशी येऊ. पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ नावाची आंतरराष्ट्रीय परीक्षा आहे. २००९ च्या फेरीला जोडून घेतलेल्या चाचणीत भारतातून हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू उतरले आणि चौऱ्याहत्तर सहभागींच्या यादीत तळाशी राहिले. त्यानंतर भारत या परीक्षेपासून दूर राहिला. २०१९ मध्ये पुन्हा भाग घेण्याचा करार झाला तेव्हा निवड झाली ती केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि चंदीगड शहर यांची. महामारीमुळे ती फेरी २०२२ वर गेली आणि अखेर भारत तिच्यात उतरला नाही. निवडीचा हेतू काहीही असो, देशाच्या शिक्षणाचा नमुना म्हणून एक आखीव-रेखीव राजधानी आणि सरकारी नोकरांच्या मुलांसाठी चालणाऱ्या शाळा पुढे याव्यात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कारण त्या शाळा आमच्या आहेत. १९६३ पूर्वी बदली झालेल्या माणसाच्या मुलांचे हाल होत. एका प्रांतात शालान्त परीक्षा दहा वर्षांची, तर दुसऱ्यात अकरा; भाषा निराळी, पुस्तके निराळी. केंद्रीय विद्यालयांनी हा प्रश्न सोडवला आणि त्याबद्दल आमच्या वर्गाने कृतज्ञच असले पाहिजे. परंतु त्याच दशकात कोठारी आयोगाने सर्वांसाठी समान शाळेची, शेजारच्या सर्व मुलांनी एकत्र बसावयाच्या शाळेची, शिफारस केली होती. आमची सोय झाली. ती शिफारस कागदावर राहिली. या दोहोंमध्ये काहीच संबंध नाही असे म्हणणे कठीण आहे. ज्यांना लिहिता येते, अर्ज करता येतो, वरिष्ठांपर्यंत जाता येते, त्यांची मुले चांगल्या शाळेत गेली की उरलेल्या शाळांविषयी तक्रार करणारा आवाजच क्षीण होतो.

लाइटनर, फुले, गोखले, नाईक या चौघांची मापे भिन्न होती. परंतु चौघांनीही, आपापल्या परीने, चालू तक्त्यात नसलेला एक रकाना त्याला जोडला आणि तो भरून दाखवला. म्हणून त्यांच्या तुलना केवळ अभिमानाच्या किंवा खंतीच्या राहिल्या नाहीत. त्यांतून काही कायदे, काही शाळा, निदान काही अस्वस्थता तरी निर्माण झाली. नव्या गावी गेल्यावर शाळेची चौकशी करताना आम्ही निकाल विचारतो, माध्यम विचारतो, बसची सोय विचारतो. आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईचा मुलगा कोणत्या शाळेत जातो, आणि तेथे त्याला काय शिकावयास मिळते, हा प्रश्नही त्याच चौकशीत घालता येण्यासारखा आहे. गावाच्या शिक्षणाची प्रत त्या उत्तरावरून अधिक चांगली कळेल.