गाव नकाशात, गाव आडनावात : ज्यू ग्रामस्मृतीचे दोन प्रकार आणि मुंबई

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनी व तिच्या सहकाऱ्यांनी सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या केली. या संहाराचा उल्लेख होताच ऑश्विट्झची छावणी किंवा वॉर्सातील कोंडलेली वस्ती डोळ्यांसमोर येते. पोलंड, लिथुआनिया, युक्रेन या प्रदेशांतील शेकडो लहान बाजारगावे मात्र सहसा आठवत नाहीत. यिद्दिश भाषेत अशा गावाला ‘श्टेटल’ म्हणत. चौकातला आठवडी बाजार, शिंपी, चांभार, गाडीवान, एक-दोन प्रार्थनागृहे आणि गावाबाहेरची दफनभूमी असे त्याचे सर्वसाधारण रूप असे. १९४१ च्या उन्हाळ्यापासून यांतील अनेक गावांचे ज्यू जीवन अवघ्या काही दिवसांत संपविण्यात आले. लिथुआनियातील आयशिशोक येथे सप्टेंबर १९४१ मध्ये दोन दिवसांत गावातील व परिसरातील तीन हजारांहून अधिक ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. अशा गावांची स्मृती कोणी व कशी जतन केली आणि त्या प्रयत्नातून मुंबई-कोकणच्या इतिहासाच्या अभ्यासकाने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

स्मृतिग्रंथांची परंपरा

संहारातून वाचलेल्यांनी, तसेच युद्धापूर्वीच परदेशी गेलेल्या गावकऱ्यांनी आपापल्या गावाचे स्मृतिग्रंथ सिद्ध केले. त्यांना ‘यिझकोर’ ग्रंथ म्हणतात. मृतांच्या स्मरणार्थ म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेचेच हे नाव होय. असे सहाशेहून अधिक ग्रंथ उपलब्ध असून ते मुख्यतः हिब्रू व यिद्दिश भाषांत आहेत. त्यांचे लेखक बहुधा इतिहासकार नव्हते. आठवणीवरून काढलेला गावाचा नकाशा, दुकानांची व मास्तरांची नावे, गावातील तंटे, आणि अखेरीस मारल्या गेलेल्यांची कुटुंबवार यादी, असा त्यांतील मजकूर असतो. त्यांत भावुकता आहे, तारखांचे घोळ आहेत; म्हणूनच व्यावसायिक इतिहासकारांनी दीर्घकाळ त्यांना दुय्यम लेखले. ही उपेक्षा महागात पडली. पोलंडमधील येडवाब्ने येथे १० जुलै १९४१ रोजी गावातल्या ज्यूंना त्यांच्याच पोलिश शेजाऱ्यांनी कोठारात कोंडून जाळले. या गावाचा स्मृतिग्रंथ १९८० मध्ये निघाला होता आणि शेजाऱ्यांच्या सहभागाविषयीच्या साक्षी त्यात होत्या. तरीही यान ग्रॉस यांचे पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाल्यावरच पोलंडमध्ये या प्रश्नाची सार्वत्रिक चर्चा सुरू झाली. आयशिशोकमधून बालपणी वाचलेल्या याफा एलियाख यांनी गावातील कुटुंबांची जगभर विखुरलेली छायाचित्रे वर्षानुवर्षे गोळा केली. वॉशिंग्टन येथे १९९३ मध्ये उघडलेल्या स्मृतिसंग्रहालयात त्यांचा एक मनोराच उभा आहे. त्यात मृतदेह नाहीत. लग्नाच्या वऱ्हाडाची, सहलीची, शाळकरी मुलांची चित्रे आहेत.

मुंबईस पोहोचलेले निर्वासित

या संहाराच्या छायेतून निसटून मुंबईस आलेल्यांत खेड्यातला माणूस क्वचितच होता. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रवेशासाठी हमीदार, नोकरीची शाश्वती आणि बोटीचे भाडे लागे. १९३४ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ज्यू मदत संघटना अशी हमी मिळवून देत असे. परंतु तिच्यापर्यंत पत्र पोहोचविण्याची सोय श्टेटलमधील गाडीवानाला कोठून असणार? पोहोचले ते बर्लिन, व्हिएन्नासारख्या शहरांतील वैद्यक, अभियंते व कलावंत. संगीतकार वॉल्टर कॉफमान, कलासमीक्षक रूडी फॉन लायडन, कलासंग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर ही त्यांतील परिचित नावे होत. १९४७ मध्ये उदयास आलेल्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांना लायडन व श्लेसिंगर यांचा मोठा आधार मिळाला. युद्ध सुरू होताच यांतील अनेकांना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून अहमदनगर, पुरंदर, सातारा येथे स्थानबद्धही व्हावे लागले. म्हणजे मुंबईत जी होलोकॉस्टची स्मृती आली ती शहरांची स्मृती होती. उद्ध्वस्त खेड्याच्या वतीने बोलणारे येथे जवळपास कोणी नव्हते.

कोकणातील गावे

मुंबईला ज्यू खेडे अपरिचित होते असे मात्र नाही. बेने इस्राएल समाज मूळचा अष्टागर व आसपासच्या प्रदेशातला. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात स्त्रिया व सात पुरुष वाचले, ही त्यांची परंपरागत उत्पत्तिकथा आहे. तेलाचे घाणे चालविणारे व शब्बाथ पाळणारे म्हणून गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. अठराव्या शतकापासून सैन्यातील नोकरी आणि पुढे सुतारकाम, बांधकाम, रेल्वे, इस्पितळे यांच्या ओढीने ते मुंबईस येऊ लागले. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात पहिले प्रार्थनागृह बांधले. समाजाच्या बोलीत प्रार्थनागृहाला ‘मशीद’ म्हणत. म्हणून हीच ‘जुनी मशीद’. नंतर वस्ती भायखळा, आग्रीपाडा, सात रस्ता या बाजूस सरकली. आग्रीपाड्याचे मागेन हसिदिम प्रार्थनागृह १९३१ चे आहे. (सात रस्त्याचे ‘जेकब सर्कल’ हे जुने नाव ऐकून अनेकांची फसगत होते, तो जेकब इंग्रज लष्करी अधिकारी होता.)

हे लोक येताना गाव आडनावात घेऊन आले. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, राजपुरीचे राजपूरकर, अष्टमीचे अष्टमकर. कामा रुग्णालयाची धुरा सांभाळणाऱ्या, १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावात अलिबागजवळचे झिराड आहे. चित्रपट अभिनेते डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, ते चौल. शंभराहून अधिक गावे अशी आडनावांत नोंदली गेली आहेत. गावाशी नाते केवळ नावापुरतेही नव्हते. अलिबागजवळच्या खंडाळा येथील एलियाहू हनाबीच्या टप्प्यावर नवसाचा मलिदा नेण्याची प्रथा आजही आहे. सुमारे १८८० पासून बायबलमधील आख्याने मराठी कीर्तनांतून गायिली जाऊ लागली. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या सचित्र हग्गादातील मात्झा करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत.

१९४८ नंतर ही गावे रिकामी होऊ लागली. त्यांना कोणी हाकलले नाही, कोणी जाळले नाही. कोकणात ज्यूद्वेषाची परंपरा नव्हती, हे समाजातील लेखकांनीच पुनःपुन्हा नमूद केले आहे. समाज इस्राएलमधील लोद, दिमोना, बीर शेबा, अश्दोद येथे गेला. तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांविषयी उपस्थित केलेल्या शंकांविरुद्ध त्यांना १९६४ पर्यंत लढावे लागले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अडीच हजारांच्या आतबाहेर ज्यू उरले होते. राज्याने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये. रेवदंडा, अलिबाग, पनवेल येथील प्रार्थनागृहे उभी आहेत.

येडवाब्ने आणि रेवदंडा यांना एका पंक्तीत बसविणे हा मृतांचा अपमान ठरेल. खून आणि स्थलांतर यांतील अंतर कोणत्याही स्मृतिशास्त्राने पुसता कामा नये. पण या अंतराचा एक विपरीत परिणाम असा झाला आहे की, जेथे सर्वस्व नष्ट झाले तेथील गल्लीबोळांचे नकाशे ग्रंथांत सापडतात. जेथे कोणी इजा केली नाही तेथील घाण्यांच्या जागा सांगणारा तसा दस्तऐवज नाही. नाशाने वाचलेल्यांना लिहावयास लावले. शांतपणे निरोप घेतलेल्या गावाविषयी लिहिण्याची निकड कोणास वाटली नाही. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहून पुरा केला, तोही छापला गेला १९३७ मध्ये तेल अवीव येथे. तो समाजाचा इतिहास आहे. एकेका गावाचा नाही.

या कामासाठी मराठी महाविद्यालयांइतकी सोयीची जागा दुसरी नाही, कारण लागणारी साधने बव्हंशी मराठीत आहेत. अलिबाग-पेण पट्ट्यातील वृद्ध आगरी, कोळी, माळी शेजाऱ्यांच्या आठवणी मराठीत आहेत. इस्राएलमध्ये समाजाने चालविलेल्या ‘मायबोली’ नियतकालिकाची भाषा मराठी आहे. लालबागला लागून असलेल्या चिंचपोकळीच्या ज्यू दफनभूमीत बगदादी कुटुंबांच्या कबरी आहेत. वरळीच्या बेने इस्राएल दफनभूमीत शिळांवर हिब्रूबरोबर देवनागरी अक्षरे दिसतात, आणि त्यांत गावाचे नाव वाचता येते. समुद्राच्या खाऱ्या हवेने ही अक्षरे झिजत आहेत. शिळांवरील गावनावे उतरवून घेणे, ती महसुली नोंदींतील घरांशी जुळविणे आणि त्या गावात जाऊन ‘शनवार तेल्याचा घाणा कोठे होता’ एवढेच विचारणे, इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गाला एका सत्रात झेपेल असे हे काम आहे.