आपला संघ कोणता?

श्रोतेहो, पूर्वी हुतूतूचा डाव रंगला की संघ कोणाचा, हा प्रश्नच नसे. आपल्या आळीचे गडी, तोच आपला संघ! १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ बर्लिनच्या ऑलिंपिकवेळी जगाला दाखविला, तोही हौसेने.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. खेळाडूंना पैसा मिळू लागला, आणि बदलापुरातल्या आमच्या शिरगावी आम्ही 'यू मुंबा'ला आपला संघ म्हणू लागलो. त्याच वर्षी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात जयपूरने आम्हांला ३५-२४ असे हरविले. २०१५ साली बंगळूरूवर ३६-३० असा विजय मिळाला, तेव्हा आनंद पोटात मावेना. २०१६ साली पुन्हा अंतिम सामना, आणि पाटण्याकडून तीन गुणांनी हार! पुढल्या वर्षी नक्की, असे म्हणता म्हणता कित्येक हंगाम कोरडे गेले.

खरा चटका निराळाच. कप्तान अनुप कुमार मूळचा हरियाणाचा, तरी आम्हांला घरचाच वाटे. २०१८ च्या लिलावात तो गेला कुठे? जयपूरच्या संघात! मग टाळ्या कोणासाठी वाजवायच्या?

आम्ही वाजविल्या त्या मुंबईसाठीच. गडी बदलतात, गावाच्या नावावरची माया सुटत नाही. म्हणून गुरुजी, शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा आखत राहा. तिथला संघ हरला तरी आपलाच राहतो. त्याला कोणी बोली लावून नेत नाही.