माळवदाखालचा धूर : नांदेड-लातूरच्या घरांतील हवेचा इतिहास

नांदेड आणि लातूर परिसरातील जुन्या घरांत हवा कशी खेळावी, हे चुलीच्या आधी छपराने ठरवलेले होते. लाकडी खांब आणि तुळयांवर फळ्या व काटक्या अंथरून, त्यांवर पांढरीची म्हणजे गावठाणाच्या जागेवरील माती चोपून केलेल्या सपाट छपराला माळवद म्हणत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते म्हणून ती छपरावर कोणी घालत नसे. दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही जाड, मातीत रचलेल्या दगडी भिंतींना बाहेरच्या अंगाने खिडक्या जवळजवळ नसत, कारण उन्हाची झळ आणि दरोडेखोरांचे भय या दोहोंवर बिनखिडकीची भिंत हाच एक उपाय होता. स्वयंपाकघराला उजेड मिळे आणि धुराला वाट मिळे ती माळवदात ठेवलेल्या साण्यातून, म्हणजे झाकता येण्याजोग्या लहानशा भोकातून. पावसाळ्यात मात्र सरपण ओले आणि साणे झाकलेले, अशी गाठ पडे.

सरपण शेतातूनच येई. तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या आणि ज्वारीची धसकटे भराभर पेटतात, पण सतत सारत राहावे लागते आणि जाळ मंदावला की धूर कोंडतो. म्हणून भाकरी करणारी बाई चुलीपुढून हलू शकत नसे. या धुराने तुळयांना वाळवी लागत नाही आणि धान्याला कीड कमी लागते, असा समज होता व तो अगदीच निराधार नव्हता. मात्र लाभ घराचा आणि खोकला एकटीचा, ही विभागणी कोणी हिशेबात धरली नाही. बाळंतिणीची खोली तर मुद्दाम बंद ठेवून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवत आणि ओवा, वावडिंग यांची धुरी देत. अर्धवट जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू निघतो आणि तो रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो, हे ज्ञान त्या खोलीपर्यंत फार उशिरा पोहोचले.

कोंडलेली हवा जीव घेते, हे मात्र शेतकऱ्याला पेवामुळे पक्के ठाऊक होते. पेव म्हणजे ज्वारी साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खड्डा. त्यातील धान्य श्वसन करते, प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून पेव उघडल्यावर ते काही काळ तसेच ठेवून, पेटता दिवा आत सोडून पाहण्याची आणि तो विझल्यास आत न उतरण्याची रीत पडली. पेवाच्या बाबतीत इतकी दक्षता बाळगणाऱ्या समाजाने स्वयंपाकघराकडे काणाडोळा केला, याचे कारण अज्ञानापेक्षा वेगळे असावे: पेवातला मृत्यू तत्काळ होता, चुलीपुढचा वर्षानुवर्षे चालणारा.

चूल सुधारण्याचे प्रयत्न काही फार दूर झाले नाहीत. वर्ध्याच्या मगनवाडीतून ‘मगन चूल’ पुढे आली, आणि मराठवाडा ज्या हैदराबाद राज्यात होता त्याच्याच राजधानीतील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी बंदिस्त चूल रचली, जिच्यात एका जाळावर अनेक भांडी चढत आणि धूर धुराड्यातून बाहेर पडे. तिच्यावरचे त्यांचे पुस्तक 1953 मध्ये निघाले. त्याच दशकात दिल्लीत डॉ. एस. पद्मावती यांनी फुप्फुसांच्या विकारातून उद्भवणाऱ्या हृदयरोगाचा संबंध स्त्रियांच्या बाबतीत चुलीच्या धुराशी जोडला. पुढे 1983 ते 2002 या काळात केंद्र सरकारच्या सुधारित चुलींच्या कार्यक्रमात देशभर कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या. परंतु लांब तुराटी बंद तोंडाच्या चुलीत मावत नाही, धुराडे काजळीने तुंबते, आणि त्यासाठी माळवदाला भोक पाडणे म्हणजे गळतीला आमंत्रण. चूल रचणाऱ्यांनी सरपण आणि छप्पर यांचा पुरेसा विचार केला नव्हता, असेच म्हणावे लागते.

छपराचा प्रश्न भूकंपाने सोडवला, तोही भयंकर रीतीने. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे 8,000 माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेलेली जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसवली गेली आणि घरे जमीनधारणेनुसार 250 ते 750 चौरस फुटांची मिळाली. खिडक्या आल्या, साणे गेले. पण लहान काँक्रीटच्या घरात चुलीला जागा कुठे, या प्रश्नाचे उत्तर अनेक कुटुंबांनी घराशेजारी पत्र्याचा आडोसा उभारून स्वतःच शोधले. धूर अंगणात आला, हा या पुनर्वसनाचा कोणी न योजलेला लाभ म्हणता येईल.

1 मे 2016 रोजी स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली. अनुदानित जोडणी मिळाली तरी सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च राहतोच, आणि तुराटी फुकट असते. त्यामुळे चहा-भाजी गॅसवर, तर भाकरी आणि अंघोळीचे पाणी पत्र्याखालच्या चुलीवर, अशी वाटणी बऱ्याच घरांत झाली. हा आडोसा निदान दोन बाजूंनी उघडा असेल तर धूर निघून जातो. थंडीत तो पोत्यांनी किंवा ताडपत्रीने चहूबाजूंनी बंद केला, की तेथील हवा जुन्या स्वयंपाकघरासारखीच होते, आणि या वेळी वर साणेही नसते.