शिकायला फुकट, कमवायला?

आपल्या बावड्याची पोरं कॉम्प्युटर शिकायला इंदापूर-बारामतीला जातात. पण ज्या सॉफ्टवेअरवर शिकलो, त्यावर धंदा करता येतो का, हे त्यांना कुणी सांगत नाही. थोडा इतिहास बघूया.

1983 साली बोरलँड कंपनीनं टर्बो पास्कल 49.95 डॉलरला विकायला काढलं. तेव्हा बाकीचे कंपायलर शेकडो डॉलरचे होते. प्रोग्रॅमिंग विद्यार्थ्याच्या आवाक्यात आलं. याच कंपनीच्या टर्बो सी++ च्या निळ्या स्क्रीनवर आपल्याकडची एक अख्खी पिढी शिकली.

1998 ला मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल बेसिक 6 तीन प्रकारांत आणलं: लर्निंग, प्रोफेशनल, एंटरप्राइज. शिकणाऱ्याला सोयी कमी. 2008 ला ड्रीमस्पार्क योजनेत व्हिज्युअल स्टुडिओची प्रोफेशनल आवृत्तीच विद्यार्थ्यांना फुकट दिली, पण फक्त शिकण्यापुरती.

हा काही निव्वळ दानधर्म नव्हता. पोराचा हात ज्या हत्यारावर बसतो, नोकरीत तो तेच मागतो!

उलट 1987 ला आलेल्या जीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये विद्यार्थी आणि व्यावसायिक असा भेदच नाही. स्पर्धा वाढली आणि 2014 ला मायक्रोसॉफ्टनंही कम्युनिटी आवृत्ती काढली. एकट्या माणसाला ती धंद्यासाठीही फुकट आहे.

तेव्हा पोरांनो, गावच्या दूध संकलन केंद्राचं बिलिंग बनवून चार पैसे कमवायचे असतील, तर आधी लायसन्स वाचा. आणि कॉलेजांनीही पोरांना पुढं पोटापाण्याला वापरता येईल अशाच हत्यारावर शिकवावं. तुमचं मत काय?