ओल्या फडक्यावर चाललेली गाडी

२९ ऑक्टोबर २००३ या दिवशी मुंबईच्या ताडदेव आरटीओत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे बाद झाली. त्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या फोनवर तिचे फोटो फिरत होते. बहुतेक फोटोंत बॉनेट बंद होतं. आज ते उघडून बघू.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या गाड्या बनू लागल्या. साठच्या दशकाच्या मध्यावर ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. पुढे तीच ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. नावं बदलली, गाडी जवळपास तीच राहिली.

इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. आजची साधी हॅचबॅकही याहून जोरकस असते. चार गिअर, तेही स्टिअरिंगजवळच्या दांडीवर. त्यामुळे पुढे सलग बाकासारखी सीट बसायची आणि कुटुंबातलं एखादं पोर मध्ये मावायचं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे.

आता तिची दुखणी. सगळ्यात प्रसिद्ध दुखणं उन्हाळ्यातलं. पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला. ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं की पंपातल्या, नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. पंप द्रव ओढू शकतो, बुडबुडे नाही. कार्ब्युरेटर कोरडा पडून गाडी बंद. याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. उपाय एकच: पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, रेडिएटर निवायची वाट बघत उभ्या असलेल्या फियाट ही एका पिढीची सहल होती.

दुसरं दुखणं गिअरचं. दांडी स्टिअरिंगपाशी, गिअरबॉक्स खाली. मधल्या सांध्यांतले बुश झिजले की गिअर अडकायचा, आणि खाली हात घालून तो सोडवावा लागायचा. तिसरं, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट. ते जळायचे, मग पॉलिश पेपरने घासायचे. पावसाळ्यात पत्रा आणि तळ गंजायचा, ते वेगळंच.

यातला एकही दोष अवघड नव्हता. तेव्हाच्या जगभरच्या गाड्यांत ते कमी-अधिक होतेच. प्रश्न असा की इथे ते दशकानुदशकं का राहिले?

उत्तर लायसन्स राजमध्ये आहे. गाड्या किती बनवायच्या यावर सरकारची परवानगी, आयातीवर बंधनं, आणि बाजारात जेमतेम तीन कंपन्या. गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. जी वस्तू बनण्याआधीच विकली गेलेली असते, तिच्यात सुधारणा कोण करणार? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आणि गाडी दर उन्हात थांबायलाच हवी असं नाही, हे लोकांना पहिल्यांदा कळलं.

पद्मिनीबद्दल आपण कौतुकाने म्हणतो, ‘कुठेही, कुणीही दुरुस्त करायचं.’ खरंच आहे. गॅरेजमधल्या पोरांनी, टॅक्सीवाल्यांनी हातानेच या इंजिनाचा अभ्यास केला आणि बनणं बंद झालेली गाडी त्यानंतरही वीसेक वर्षं चालवली. पण या कौशल्याचा खर्चही त्यांनीच उचलला. फडकं वाळेपर्यंत गेलेलं भाडं कारखान्याच्या हिशेबात कधीच लागलं नाही.

तिची आठवण जरूर काढावी. फक्त तिच्या दणकटपणाचं श्रेय देताना ओलं फडकं कुणाच्या हातात होतं, तेही लक्षात ठेवावं.