दारू सोडल्यावर तिसऱ्या दिवशी 'बाहेरचं' का होतं? व्यसनाच्या आजाराची माहिती

श्रावण लागला की 'आता महिनाभर बंद' म्हणणारे गावोगावी भेटतात. ज्याची कधीमधी आहे त्याला त्यात फारसा त्रास होत नाही. पण सकाळी उठल्या उठल्या ज्याला घोट लागतो, त्याच्या घरात दोन-तीन दिवसांत वेगळंच सुरू होतं. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. भिंतीवर किडे चालताना दिसतात, कोणीतरी मारायला आलंय म्हणून माणूस रात्री उठून शेताकडे पळत सुटतो. घरचे म्हणतात, बाहेरचं झालंय. मग अंगारा होतो, नाहीतर खाटेला बांधून ठेवतात.

हे बाहेरचं नसतं. दारू मेंदूचा वेग कमी करते. ती रोज मिळू लागली की मेंदू आपला वेग वाढवून तोल सांभाळतो. दारू एकाएकी थांबली की ब्रेक सुटतो, वाढलेला वेग मात्र तसाच राहतो. थरथर साधारण 6 ते 24 तासांत सुरू होते, फिट आली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते आणि भ्रम दोन ते चार दिवसांनी होतो. या भ्रमाला डॉक्टर 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो. त्यामुळे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका झटक्यात तोडू नये. दवाखान्यात काही दिवस गोळ्यांचा डोस हळूहळू कमी करत ती सोडवता येते. सोबत ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात. 'अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा' म्हणून नुसतं ग्लुकोज चढवलं आणि ब-1 दिलंच नाही, तर मेंदूला इजा होऊ शकते. दारूची सवय डॉक्टरांपासून लपवू नये, ती यासाठीच.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1956 मध्ये दारूचं व्यसन हा आजार मानला. आपल्याकडच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारूच्या व्यसनातून होणारे मनाचे विकार मानसिक आजारात धरले आहेत. पिणारा प्रत्येक जण व्यसनी होत नाही. आनुवंशिकता, लहान वयात झालेली सुरुवात, मनातला ताण अशी बरीच कारणं असतात. आणि मुलाबाळांच्या शपथा घालून जशी शुगर उतरत नाही, तशी तलफही उतरत नाही.

आता शरीराचं. 180 मिलीच्या विदेशी क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निकामी करतं. म्हणजे रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत अंगात असते. लिंबूपाण्याने वा काळ्या चहाने हा वेग वाढत नाही. यकृतावर आधी चरबी साचते, मग सूज येते, शेवटी ते आक्रसून कडक होतं. चरबीच्या टप्प्यावर दारू थांबवली तर यकृत बहुतेक वेळा सावरतं, हीच त्यातली जमेची बाजू. पुढे डोळे पिवळे होतात, पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते. काविळीचा झाडपाला घेण्यात गेलेले दिवस तेव्हा महागात पडतात. स्वादुपिंडाची सूज, पायांची आग, तोंडाचा व अन्ननलिकेचा कॅन्सर हेही दारूशी जोडलेले आहेत. हातभट्टीत मिथेनॉल असेल तर डोळे जातात, जीवही जातो. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला त्यानेच शंभरावर बळी घेतले.

'चहातून न सांगता द्या, दारू सुटेल' अशा पुड्यांची जाहिरात आठवडी बाजारातही दिसते. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर दारू पोटात गेली, तर बीपी कोसळून माणूस दगावू शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात यावर उपचार मिळतात. पुण्याचं मुक्तांगण केंद्र 1986 पासून हे काम करतंय. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांना फी नसते. घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या बैठका वेगळ्या भरतात, पिणारा तयार नसला तरी बायको किंवा आई तिथे जाऊ शकते. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416, हे दोन्ही सरकारी नंबर मोफत आहेत. फिट आली किंवा माणूस बरळू लागला, तर मात्र थेट 108 ची गाडी बोलवावी.