उस्मानियाने काढलं, नागपूरने घेतलं



निकालाचे दिवस आले की घरोघरी नातवंडांना एकच डोस पाजला जातो. "खचू नका, पुन्हा प्रयत्न करा." सल्ला चांगलाच आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा आपल्या हैदराबादच्याच इतिहासात आहे, म्हणून आज थोडं सविस्तर लिहितो.

माझ्या लहानपणी काचीगुडा, इसामिया बाजार, सुलतान बाजार या भागातल्या मराठी मंडळींत काही वकील, काही मास्तर असे होते की घर हैदराबादेत, पण पदवी नागपूर विद्यापीठाची. आम्हा पोरांना नवल वाटायचं. शहरात एवढं मोठं उस्मानिया असताना ही माणसं तीनशे मैल लांब शिकायला कशाला गेली?

उत्तर 1938 सालात आहे. ते वर्ष संस्थानात धामधुमीचं होतं. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिचं काम सुरू व्हायच्या आधीच बंदी आली होती. 24 ऑक्टोबरला गोविंदराव नानलांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीने सत्याग्रह केला, पाठोपाठ स्वामी रामानंद तीर्थही तुरुंगात गेले. नोव्हेंबरात उस्मानियाच्या वसतिगृहातली मुलं प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणू लागली. अधिकाऱ्यांनी मनाई केली, मुलांनी ऐकलं नाही, संप झाला. औरंगाबाद, गुलबर्गा इथल्या कॉलेजांतही हे लोण पोचलं. शेवटी शेकडो मुलांना काढून टाकण्यात आलं.

आज आपण याला अभिमानाने 'वंदे मातरम् चळवळ' म्हणतो. पण त्या डिसेंबरात जाऊन बघा. तेव्हा ते सरळ सरळ अपयश होतं. विद्यापीठ नमलं नाही. स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह त्याच महिन्यात थांबवला गेला, आणि बंदी उठायला पुढे 1946 साल उजाडलं. मुलांच्या हाती काय राहिलं? वर्ष अर्ध्यावर, वसतिगृह सुटलेलं, आणि गावाकडे दागिना नाहीतर जमिनीचा तुकडा गहाण टाकून शिकायला पाठवणारे आईबाप. काही जण घरच्या परिस्थितीपुढे हात टेकून परत गेले. त्यांना नावं ठेवायचा अधिकार तुम्हाआम्हाला नाही.

बाकीच्यांचं काय झालं असतं? जिद्द होती, पण जिद्दीने कॉलेजात नाव दाखल होत नाही. तिथे नागपूर विद्यापीठ पुढे आलं. कुलगुरू होते टी. जे. केदार. दुसऱ्या विद्यापीठाने शिस्तभंगाच्या शिक्क्याने काढलेली मुलं घेणं म्हणजे जोखीम. त्यांनी ती घेतली आणि या मुलांना प्रवेश दिला.

नागपूरला पोचलं म्हणजे सगळं मिटलं असंही नव्हतं हं. उस्मानिया 1918 सालचं, आणि तिथलं शिक्षण उर्दूत. गणित, विज्ञान, इतिहास, सगळं उर्दू पुस्तकांतून. इंग्रजी सक्तीची होती, पण एक विषय म्हणून. नागपूरला शिकवणं इंग्रजीत. घरी मराठी, शाळा-कॉलेजात उर्दू आणि आता हे तिसरंच. तोंडपाठ केलेल्या संज्ञा पुन्हा पहिल्यापासून शिकायच्या.

दुसरी अडचण पैशाची. मी बँकेतला माणूस, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. निजामाचं चलन वेगळं, हाली सिक्का. नागपूरला चालायचा इंग्रजी कलदार. साधारण 7 रुपये हालीला 6 रुपये कलदार असा भाव. म्हणजे बापाने पोटाला चिमटा काढून 35 रुपये धाडले, तर पोराच्या हातात 30 पडणार. पोरगं परमुलखात, आणि घरच्या रुपयाची किंमतही तिथे कमीच!

तरी त्यांतली कित्येक मुलं शिकली, पास झाली.

काढलेल्यांत वरंगलकडचा सतरा वर्षांचा एक तेलुगू मुलगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. तोही नागपूरला गेला, पुढे पुण्याच्या फर्ग्युसनमधून बी.एस्सी. झाला, मग पुन्हा नागपूरला येऊन कायदा शिकला. मराठी इतकी पक्की झाली की हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली. 1984 साली हनमकोंड्यात, आपल्या घरच्या मुलखात, ते लोकसभेला पडले. पण त्याच निवडणुकीत रामटेकने त्यांना निवडून दिलं. रामटेक म्हणजे नागपूरच्या अगदी शेजारी! एकाच माणसाला त्या मुलखाने दोनदा दार उघडलं. 1991 ला तर तिकीटही न घेता, दिल्लीतलं सामान आवरून ते हैदराबादला परतायच्या बेतात होते. त्याच जूनमध्ये पंतप्रधान झाले.

आता माझा मुद्दा. बँकेत उमेदीची वर्षं कर्ज खात्यात गेली. दुष्काळ पडला की पीक कर्जाचं मुदत कर्जात रूपांतर करायची सोय असते. हप्ते लांबतात, आणि शेतकऱ्याला पुढच्या पेरणीला पुन्हा कर्ज मिळू शकतं. ही कर्जमाफी नव्हे, पैसे फेडायचेच असतात. फक्त बुडवणारा आणि अडलेला यांतला फरक बँकेने ओळखायचा असतो. अडलेल्याला एक हंगाम मिळाला तर तो उभा राहतो. नाही मिळाला, तर त्याच्या कष्टाळूपणाचा उपयोग काय? जमीन सावकाराकडे जाते. केदारांनी त्या मुलांना तो एक हंगाम दिला. कष्ट मुलांनीच केले, पण ते करायला जागा मिळाली.

म्हणून मंडळी, नापास झालेल्या, नोकरी गेलेल्या पोराला "हिंमत हरू नको" म्हणाल तेव्हा एवढ्यावर थांबू नका. त्याची फी कुणी भरायची, त्याला कोणत्या कॉलेजात, कुणाच्या दुकानात, कुणाच्या हाताखाली जागा मिळेल, हेही बघा. चिकाटी त्याची, दार आपलं.

आणि एक विनंती. 1938 च्या त्या मुलांपैकी आता हयात असलेलं माणूस सापडणं कठीण. कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांची 1939 ते 42 च्या सुमाराची नागपूरची पदवी किंवा जुनी पत्रं असतील, तर त्यांची हकीकत जरूर लिहा. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील. कागद राहतो, माणसं जातात.